अबोला हीच पात्रता

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान नगरमंडळाचे प्रमुख, निवडणूक कार्यालयाचा सर्व कर्मचारी वर्ग, आजच्या सत्कारमूर्ती म्हणजे आपणा सर्वांच्या नेमणूकवाल्या बाई, बाईंचे यजमान, आणि समोर बसलेल्या, एकमेकांशी न बोलणाऱ्या माझ्या तमाम सहकारी बंधुभगिनींनो,

अध्यक्ष महोदय मघाशी म्हणाले की, इतका शिस्तबद्ध श्रोतृवर्ग आपण उभ्या नोकरीत पाहिला नाही. अध्यक्ष महोदय, आपण गावात नवीन आहात. ही शिस्त नव्हे. जरा नीट पाहिलंत तर दिसेल, की इथे लोक जोडीजोडीने बसलेत आणि प्रत्येक जोडीच्या मध्ये एक खुर्ची रिकामी आहे. मागे माणसं भिंतीला टेकून उभी आहेत, पण त्या मधल्या खुर्चीवर कुणी बसत नाही. तिथे बसणाऱ्याला दोन्हीकडचे निरोप पोहोचवावे लागतात, हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

माझी ओळख करून द्यायला कुणी पुढे आलं नाही, म्हणून मीच देते. बसथांब्यासमोरचं झेरॉक्सचं दुकान माझं. मतदान केंद्रांवर टेबलाशी बसणाऱ्या आम्हा लोकांच्या वतीने, आज निवृत्त होणाऱ्या बाईंना निरोप द्यायचा, तर बोलायचं कुणी, असा प्रश्न निघाला तेव्हा माझी निवड एकमताने झाली. एकमताने म्हणजे, विरोध करायचा तर शेजारच्याशी बोलावं लागलं असतं.

नव्या अध्यक्षांसाठी थोडं मागचं सांगते. बाकीच्यांनी तेवढा वेळ समोरच्या भिंतीकडे बघावं; तशी सवय आहेच.

मोठ्या निवडणुकांचं सोपं असतं. तिथे पक्ष असतात. टेबलाशी एक माणूस या पक्षाचा आणि एक त्या पक्षाचा बसवला की झालं. दोघे एकमेकांवर असे डोळे लावून बसतात, की मतपेटीवर वेगळा पहारा नको. नियमही तोच आहे: टेबलावरचे दोघे परस्परविरोधी असावेत. पण आपल्या नगरमंडळाच्या दरवर्षीच्या निवडणुकीत पक्षांना बंदी. उमेदवार आपापल्या नावावर उभे राहतात. सगळेच गावाचं भलं करणार असतात, सगळ्यांच्या पत्रकात तोच नळ आणि तोच रस्ता असतो. मग परस्परविरोधी माणसं आणायची कुठून?

बाईंच्या आधीच्या साहेबांनी हा प्रश्न सद्भावनेने सोडवला. त्यांनी मनमिळाऊ आणि एकमेकांचे स्नेही असलेले लोक नेमले. जुन्या लोकांना ती निवडणूक आठवत असेल. वाचनालयाच्या केंद्रावर दोन जिवलग मैत्रिणी होत्या. रांग दारातून रस्त्यावर गेली, पण एकीच्या सुनेची हकीकत अर्ध्यावर आली होती आणि ती सोडता येण्यासारखी नव्हती. शाळेच्या केंद्रावर दोन बालमित्र. तिथे एक आजोबा चष्मा विसरून आले. मित्रांनी त्यांना किती सांभाळून घ्यावं? एकाने मतपत्रिका वाचून दाखवली, दुसऱ्याने शिक्का धरलेल्या हाताला आधार दिला, आणि आजोबा आभार मानून घरी गेले. कुणाला द्यायचंय, हे त्यांना विचारायचं तेवढं राहून गेलं. चौकशी झाली तेव्हा हा म्हणाला, तो माणूस सोन्यासारखा आहे. तो म्हणाला, हा माणूस सोन्यासारखा आहे. कुणाच्याच मनात पाप नव्हतं. त्याचीच तर अडचण झाली.

मग बाई आल्या. बाईंनी काय केलं? बाईंनी नियम पुन्हा वाचला. परस्परविरोधी असावेत. पक्ष असावेत, असं त्यात कुठेही नव्हतं. आणि बाईंनी खिडकीतून गावाकडे पाहिलं.

माझी आजवरची समजूत अशी होती, की अबोला ही घरगुती वस्तू आहे. ती सार्वजनिक कामासाठी वापरता येते, हे पाहिलं फक्त बाईंनी. दोन माणसं एकमेकांशी बोलतच नसतील तर ती संगनमत कसं करणार? एकाने डोळा मारला तरी दुसरा बघणार नाही. एकाकडून चूक झाली, तर दुसरा ती केंद्राध्यक्षांना आनंदाने दाखवून देईल. लोकशाहीला याहून अधिक काय हवं असतं?

बाईंसमोर मुलाखतीला गेलेले बरेचजण इथे आहेत. पहिला प्रश्न एकच.

"तुमचं कुणाशी वाकडं आहे?"

"छे छे, बाई, माझं सगळ्यांशी पटतं!"

"मग तुमचा उपयोग नाही. पुढचे या."

असे कितीतरी सज्जन या गावातून तोंड पाडून घरी गेलेत. एका गृहस्थांनी हाय खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी परत हजर.

"बाई, झालं काम. चुलतभावाशी भांडून आलो."

"कधी?"

"आत्ताच की! येता येता!"

"ताजं चालत नाही. ताज्यात माणूस ओरडतो. मुरू द्या, मग या."

ही माणसं बाई हेरायच्या कशी? दंतवैद्याच्या दवाखान्यात. बाईंचे दात ठणठणीत आहेत, पण महिन्यातून एकदा त्या तिथे जाऊन बसत. ज्या बाकाच्या दोन टोकांना दोन माणसं बसलीत आणि दोघं भिंतीवरचं एकच चित्र टक लावून बघताहेत, ती जोडी बाईंच्या मनात पक्की. तशी बाईंनी खुद्द दंतवैद्यांचीही नेमणूक केली, खालच्या मजल्यावरच्या न्हाव्याबरोबर. जिन्यातला दिवा कुणी लावायचा, यावरून त्यांचं बिनसलं होतं. जिना अजून अंधारात आहे, पण त्यांच्या केंद्राचा हिशेब दर वेळी चोख लागतो.

सगळ्यात जलद टेबल बाजारातल्या केंद्रावरचं. तिथे एक घटस्फोट झालेलं जोडपं बसतं. तो मतपत्रिका फाडतो, ती शाई लावते, एक अक्षर वाया जात नाही. एकदा तिथले केंद्राध्यक्ष म्हणाले, "संसारात एवढा मेळ असता तर?" त्यावर दोघांनी एकाच वेळी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी पुढच्या वर्षी केंद्र बदलून मागितलं.

एकदा एक पडलेले उमेदवार तावातावाने कार्यालयात आले. म्हणाले, टेबलावर गडबड झाली, दोघे सामील होते. बाई म्हणाल्या, "त्या दोघांचं आजवर कुठल्याही एका गोष्टीवर एकमत झालेलं दाखवा, मी फेरमतदान घेते." उमेदवारांनी पुष्कळ विचार केला. चहा घेतला आणि गेले.

पण बाईंचं एक दुःख होतं, आणि निरोपाच्या दिवशी तरी ते सभागृहासमोर यावं. अबोला टिकत नाही. चांगली कसलेली जोडी, वर्षानुवर्षं न बोललेली. दर वर्षी सकाळपासून मतपेटीला सील लागेपर्यंत कोपराला कोपर लावून बसवली, की दोनचार निवडणुकांत नासते. कुणीतरी कुणालातरी घाम पुसायला रुमाल देतं. संपलं. दोघंही निकामी. बाई मला एकदा उद्वेगाने म्हणाल्या होत्या, "नवी भांडणं मिळतात हो, पण त्यांत दम नसतो. आजकाल लोक सकाळी तोंड फिरवतात आणि संध्याकाळी फोनवर सॉरी म्हणतात. अशानं निवडणुका घ्यायच्या कशा?"

बाईंच्या जागी येणारे गृहस्थ अत्यंत मनमिळाऊ आहेत, असं ऐकते. काळजी वाटते.

आता, अध्यक्ष महोदय, मी माझ्या टेबलाकडे वळते. माझं टेबल नाट्यगृहाच्या केंद्रावरचं, आणि माझ्या शेजारी बसते माझी सख्खी थोरली बहीण. चौथ्या रांगेत, खांबाजवळ. मान वळवून बघू नका, तिला आवडत नाही. तिचं शिवणकामाचं दुकान आहे. गावातल्या निम्म्या पडद्यांना तिने टीप मारलीय आणि निम्म्या बायकांना टोमणे.

आमचं वाकडं आईच्या कपाटावरून. आई गेली तेव्हा कपाट ताईच्या घरी होतं आणि किल्ली माझ्याकडे. ताई म्हणाली, किल्ली दे. मी म्हटलं, कपाट दे. त्यापुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही. आत काय आहे? आईच्या चादरी आणि तिची थंडीतली शाल. आम्हा दोघींनाही पक्कं ठाऊक आहे. ताईला कुलूपवाला बोलावता आला असता. तिने बोलावला नाही. मला किल्ली पाठवून देता आली असती. मी पाठवली नाही. आमच्या या तत्त्वनिष्ठेबद्दल बाईंना नितांत आदर होता. आमच्या मुलाखतीत त्यांनी दुसरा प्रश्नच विचारला नाही.

आमच्या टेबलाचा कारभार कसा चालतो? आम्ही मतदारामार्फत बोलतो. समोर निवृत्त मास्तर उभे आहेत असं समजा. मी म्हणते, "मास्तर, यांना सांगा, शाईच्या बाटलीचं झाकण त्यांच्या कोपराखाली आहे."

मास्तर म्हणतात, "ताई, झाकण कोपराखाली."

ताई म्हणते, "मास्तर, तिला सांगा, माझं कोपर कुठे आहे ते मला कळतं."

"त्यांना त्यांचं कोप... अहो, मी मत द्यायला आलोय! मला जाऊ द्या की!"

पुढे दवाखान्यातली परिचारिका येते. मी म्हणते, "सिस्टर, यांना विचारा, गुडघ्याला शेक देतात का नुसतंच कण्हतात?" सिस्टर विचारते. ताई म्हणते, "देते म्हणावं. आणि तिला विचार, पोरीचा निकाल काय लागला, का तोही मला गावाकडूनच कळायचा?" असं दिवसभर. वर्षभराचं सगळं त्या एका दिवसात, रांगेतल्या लोकांच्या तोंडून. आमच्या केंद्रावर मतदान दर वर्षी वाढतं. कार्यालयाच्या अहवालात त्याचं कारण जनजागृती असं दिलंय. असू दे.

ताई माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. एरवी मी तिला पाठमोरी बघते. शेजारी बसते ती वर्षातला तेवढा एकच दिवस. हे मी कामकाजाच्या माहितीसाठी सांगतेय. कुणी डोळ्याला पदर लावायची गरज नाही.

गेल्या निवडणुकीत घात झाला. दुपारची वेळ, केंद्र ओस. मला ठसका लागला. असा लागला, की श्वास वर गेला तो खाली येईना. आणि समोर मतदार नाही! ताईने दाराकडे पाहिलं. दारात कुणी नाही. तिने केंद्राध्यक्षांकडे पाहिलं. ते नियमाला धरून असतात, निरोप पोहोचवत नाहीत. शेवटी ताईने आपली पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "पाणी पी आधी."

तीन शब्द, थेट. मध्ये कुणीही नसताना.

मी पाणी प्यायले. केंद्राध्यक्षांनी कर्तव्यबुद्धीने बाईंच्या कानावर घातलं. आणि आता येत्या निवडणुकीचे आदेश निघाले, त्यात मी शाळेच्या केंद्रावर आणि ताई वाचनालयात.

मी तशीच कार्यालयात गेले.

"बाई, हे काय?"

"तुम्ही बोललात."

"मी कुठे? ती बोलली!"

"तुम्ही पाणी प्यायलात ना?"

"प्यायले. मग काय मरायचं होतं?"

"तेच उत्तर झालं. संभाषण पूर्ण."

"अहो बाई, आमचं अजून तितकंच वाकडं आहे!"

"दिसत नाही."

"आणि शाळेत मला लाँड्रीवाल्या काकांशेजारी बसवलंत. माझं त्यांच्याशी काय वैर?"

"त्यांनी तुमची चादर जाळली होती."

"ते मी केव्हाच विसरले."

"आठवा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

जाता जाता मात्र एक सवलत दिली. बाईंनी काढलेला आदेश नवे गृहस्थ बदलणार नाहीत. बदलायचा तर बाईंनीच, आणि आज कार्यालय बंद होईपर्यंतच. वाकडं टिकून आहे असं मी सिद्ध केलं, तर आमचं टेबल आम्हाला परत मिळेल. समारंभ सुरू असेपर्यंत कार्यालय उघडं समजतात, असं मी शिपाईमामांकडून खात्री करून घेतलंय. तेव्हा, सन्माननीय बाई, हे निरोपाचं भाषण आहेच. पण हा माझा अर्जही समजावा.

पहिला पुरावा. ही किल्ली. मागच्यांना दिसत नसेल तर हात उंच करते. ही आजही माझ्या जुडग्यात आहे. मी ती दिलेली नाही. द्यायचा विचारही... पुढचा पुरावा.

मागच्या थंडीत ताई अंथरुणाला खिळून होती. मी विचारपूस केली नाही. एकदाही नाही! रोज डबा जात होता, ही गोष्ट खरी. पण त्या डब्यावर माझं नाव नव्हतं. आणि तिने तो प्रत्येक वेळी घासूनपुसून परत पाठवला, एक शब्द न बोलता. याहून कडवा अबोला कसा असतो, बाई?

तिसरा पुरावा. माझे कपडे अजूनही ताईच शिवते. माझी मुलगी कापड नेऊन देते. ताई मापं मागत नाही, मी पाठवत नाही. आज अंगावर आहे तेही तिनेच शिवलंय. कंबरेत सैल ठेवलंय. माझी कंबर वाढली हे तिला कुणी सांगितलं? कुणीही नाही. तिने पाठमोरी बघून ताडलं. सभागृहाला ही माया वाटेल. तो टोमणा आहे. मी घालून फिरते ते निषेध म्हणून.

बाई हसताहेत. बाई, कृपा करून हसू नका, मला अजून चौथा पुरावा द्यायचाय. चौथा पुरावा असा, की आज या सभागृहात येताना ताई दारात माझ्या पुढे होती. तिने वळून पाहिलं नाही. दार मात्र धरून ठेवलं. का धरलं? लोकांना वाटावं, ही मोठी आणि मी...

काय म्हणालात? चौथ्या रांगेतून कुणीतरी बोललं. मला ऐकू आलं नाही. खांबाजवळ. ताई उभी राहिलीय. तिच्या पलीकडच्या भगिनींनी कृपया तिचा निरोप मला... काय? निरोप नाही?

अध्यक्ष महोदय, माइकवर आलं नसेल म्हणून मी सभागृहाला ऐकवते. माझी बहीण म्हणाली, "अगं, पुरे झालं आता. सगळ्यांचा चहा निवतोय. आणि ती किल्ली गंजलीय, मिरवतेस काय!"

थेट. मध्ये कुणी नसताना. भरल्या सभागृहात.

सन्माननीय बाई, आपण ऐकलंत. या लोकांनीही ऐकलं, आणि यांच्या साक्षीबद्दल शंका घेता येत नाही, कारण यांचं एकमेकांशी काही ठरलेलं असू शकत नाही. मी आता उत्तर दिलं, तर संभाषण पूर्ण होतं. न दिलं, तर अर्ज जिवंत राहतो, टेबल परत मिळतं, आणि पुढच्या वर्षी मास्तर पुन्हा आमच्या कोपराच्या भानगडीत सापडतात. एक दिवस, सकाळपासून सील लागेपर्यंत.

मला थोडं पाणी मिळेल का? आभारी आहे.

बाई, मी माझा अर्ज मागे घेते. आदेश आहे तसा राहू द्या. शाळेच्या केंद्रावर मी हजर असेन. लाँड्रीवाले काका, मागे उभे आहात तर नीट ऐका, मला ती चादर आठवायला लागलीय. आज संध्याकाळपासून मी तुमच्याशी बोलणार नाही. लोकशाहीला माणसं कमी पडायला नकोत.

बाईंना पुढचं आयुष्य सुखाचं जावो. त्यांचे यजमान त्यांच्याशी बोलतात, हे पाहून बरं वाटलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी घरी काम आणलं नाही, याचा हा पुरावाच. बाईंनी गावातली सगळी भांडणं कामाला लावली आणि एकेक करून संपवलीही. त्यांच्या गोपनीय अहवालात याची नोंद कुठल्या रकान्यात झाली असेल, कुणास ठाऊक. अध्यक्षांनी वेळ दिला, आयोजकांनी माइक दिला, आपण सर्वांनी मान दुसरीकडे वळवून का होईना, पण शेवटपर्यंत ऐकलंत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, कुणाचं नको ते उघड झालं असेल, तर सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावं.

आणि ताई, मधल्या खुर्चीवरची तुझी पिशवी उचल. मी येतेय.